सांदण दरीतली एस. टी.

वावरहून साम्रदला जायचे म्हणजे जव्हार, मोखाडा, खोडाळा करीत आधी घोटी गाठायची आणि मग भंडारदऱ्याकडे वळायचे. एवढा आटापिटा कशासाठी, असे वाचक विचारतील. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात ॲन्टिलोप कॅनियन नावाची एक चिंचोळी घळ आहे. तिचे नारिंगी फोटो पाहिल्यापासून मला दगडातल्या भेगांचे वेड लागले. ॲरिझोना काही आपल्या खिशाला परवडणारे नव्हे. सांदण दरी मात्र आवाक्यातली. अकोले तालुक्यात, रतनगडाच्या शेजारी सह्याद्रीला पडलेली ही चीर २०० ते ३०० फूट खोल आणि सुमारे २ किलोमीटर लांब आहे. काही ठिकाणी तर दोन माणसांना एकमेकांना ओलांडून जाता येत नाही.

माझी सारी भिस्त २० मिलिमीटरच्या वाइड अँगल भिंगावर. नेहमीचे ५० मिलिमीटरचे भिंग सुमारे ४७ अंशांचा देखावा टिपते, हे ९४ अंशांचा. आमच्या जव्हार तालुक्यात दाभोशाला लेंडी नदी सुमारे ३०० फूट खाली झेप घेते. तिथे धबधबा, डोह आणि दोहों बाजूंचे कडे या भिंगाने एकाच फोटोत बसवले होते. तेव्हापासून माझी मान जरा ताठच होती.

साम्रदच्या वाटाड्या मामांना घेऊन दिवसभर फोटो काढले. संध्याकाळी त्यांच्या पडवीत बसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक दाखवू लागलो. मामांनी चार-पाच पाहिले आणि म्हणाले, "दादा, ही आमची सांदण न्हाय. हितनं तर एस. टी. जाईल! आन् लाल कशानं झाली?"

लाल मीच केली होती. ॲरिझोनाचा हव्यास, दुसरे काय! तिथला दगड तांबडा वालुकाश्म. वरून आलेले ऊन या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत खाली उतरते आणि उतरताना अधिकच रंगते. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो उजेड गिळून बसतो. जो काही उरतो तो वरच्या आभाळाच्या पट्टीतून झिरपलेला, निळसर.

पण एस. टी.चे काय? त्या रात्री मला झोप नाही. मग ध्यानात आले की दाभोशाचा गुण तोच इथे अवगुण ठरला होता. हे भिंग जवळचे फुगवते आणि दूरचे पळवून लावते. मी वाटेच्या मधोमध उभा राहिलो, त्यामुळे पायाखालची फरशी अंगणाएवढी झाली आणि भिंती दूर कडेला सरकल्या. त्यात माप द्यायला माणूस एकही नाही!

सकाळी पुन्हा उतरलो. वाटेतल्या दुसऱ्या डोहात पाणी कमरेपर्यंत, आणि थंडी अशी की दातांवर दात. कॅमेरा उभा धरला आणि एका भिंतीला जवळजवळ चिकटून, छातीइतक्या उंचीवर तिपाईवर बसवला. भिंग वर उचलले की भिंती एकमेकींवर कोसळतात, म्हणून ते अगदी सपाटीत ठेवले. आभाळ चौकटीबाहेर काढले. दगडाला पुरेसा उजेड द्यावा तर आभाळाचा कोरा कागद होतो. दहा पावलांवर, जिथे दोन्ही खांदे कातळाला लागतात, तिथे मामा पाठमोरे उभे राहिले. चार सेकंद हलायचे नाही! पाण्यात ते उभे, आणि हुडहुडी मला.

पावसाळ्यात मात्र असले धाडस करू नये. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲन्टिलोप कॅनियनमध्ये अचानक लोंढा आला आणि ११ पर्यटक बुडाले. पाऊस पडला होता कित्येक मैल दूर. मामांना ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांना तिचे काहीच नवल वाटले नाही. ज्येष्ठ सरला की ते कुणाला आत नेत नाहीत.

नवा फोटो त्यांनी बराच वेळ न्याहाळला. "हां. हितं अंग चोरावं लागतं," असे म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. तोच त्यांनी कपाळाला आठी घातली.

"पर दादा, तोंड कुठाय माझं?"

मामा धुतलेला सदरा घालून आले. पडवीत त्यांना बसवले आणि त्यांचे तोंड मी मुकाट्याने ५० मिलिमीटरच्या भिंगाने टिपले; त्या दुसऱ्याने नाक वांग्याएवढे केले असते.