ऊन खाणारा घट उन्हात टिकेल का?

सेंद्रिय सौरघटाची बातमी होते ती कार्यक्षमतेची. कोडॅकच्या चिंग टँग यांनी १९८६मध्ये दोन थरांचा घट मांडला, तेव्हा ती जेमतेम १ टक्का होती. चीनमधल्या चांगशा इथल्या यिंगपिंग झोऊ यांच्या गटाने २०१९मध्ये ‘वाय-६’ हा रेणू आणला आणि आकडा पंधराच्या पुढे गेला. आज प्रयोगशाळेत तो विसाच्या आसपास आहे. घट उन्हात टिकतो किती, हे मात्र बातमीच्या शेपटातही सापडत नाही. सिलिकॉनचं पॅनेल २५ वर्षांची हमी घेऊन येतं. गाठ त्याच्याशी आहे.

अडचण मुळातच आहे. कार्बनचे एकाआड एक दुहेरी बंध असलेला या घटातला पदार्थ प्रकाश शोषायलाच घडवलेला, आणि प्रकाशाने चेतवलेला रेणू ऑक्सिजनच्या तावडीत सापडला की बंध तुटतात, रंग उडतो. काचेत हवाबंद केलं तर हे थांबतं. तरीही घट ढासळतात. जुन्या घटांमधले फुलरिन या कार्बनच्या रेणूचे शेजारी-शेजारी असलेले गोळे उजेडात एकमेकांना चिकटत आणि पहिल्या काहीशे तासांतच वीज झपाट्याने घटे.

वाय-६सारख्या नव्या रेणूंची दुखरी जागा वेगळी आहे. मधलं अंग आणि दोन्ही टोकं एकेका दुहेरी बंधाने जोडलेली असतात. खाली इलेक्ट्रॉन गोळा करायला झिंक ऑक्साइडचा पातळ थर असतो. त्यावर अतिनील किरण पडले की तो उत्प्रेरक बनतो आणि नेमका तोच सांधा तोडतो. म्हणजे दोष एकट्या रेणूचा नाही, शेजाऱ्याचाही आहे. नवे रेणू रचण्यात वर्षं घालवणाऱ्यांना हे रुचत नसावं.

मिशिगन विद्यापीठात स्टीफन फॉरेस्ट यांच्या गटाने २०२१मध्ये हा शेजारच सुधारला. झिंक ऑक्साइड आणि प्रकाश शोषणारा थर यांच्यामध्ये एक अतिपातळ सेंद्रिय थर घातला, आणि काचेच्या बाहेरच्या बाजूला अतिनील किरण अडवायला पुन्हा झिंक ऑक्साइडच लावलं! आत घातक ठरणारं, बाहेर छत्रीसारखं. ५५ अंश सेल्सिअसला १,९०० तास कृत्रिम ऊन दिल्यावरही मूळ कार्यक्षमतेच्या ९४ टक्के शिल्लक होती. २७ सूर्यांइतक्या प्रखर उजेडातल्या चाचण्यांवरून त्यांनी आयुष्याचा अंदाज बांधला: ५६,००० तासांहून जास्त, म्हणजे उघड्यावरची सुमारे ३० वर्षं.

इतर वाटाही आहेत. कोणी झिंकऐवजी टिन ऑक्साइड वापरतं, कोणी कमकुवत सांधा वलयात कोंडून टाकतं (मग रेणू बनवण्याच्या पायऱ्या वाढतात आणि स्वस्ताईचा दावा लंगडा पडतो). डेन्मार्कमधल्या संशोधकांनी तर गाजरातलं बीटा-कॅरोटीन मिसळून ऑक्सिजनचा मारा सौम्य केला.

३० वर्षांचा आकडा आकर्षक आहे, पण तो १,९०० तासांच्या आणि प्रखर उजेडातल्या मोजमापांवरून पुढे ताणलेला आहे. विदर्भातल्या मे महिन्यात छतावरचं पॅनेल ५५ अंशांच्या वर सहज जातं आणि रात्री पुन्हा निवतं. अखंड उजेडातल्या चाचणीत हे रोजचं तापणं-निवणं येत नाही. चाचण्यांच्या सामाईक पद्धती २०११पासून ठरलेल्या आहेत, त्यांत उघड्यावरची चाचणीही आहे. पुढचा विक्रम जाहीर करताना तिचेही तास सोबत छापावेत.