पावसातील दौड आणि विवेकाचा सद्गुण

ऑगस्टमधील रविवारची सकाळ आहे. पहाटेपासून पाऊस कोसळत आहे आणि चर्चच्या प्रांगणात मुले, तरुण आणि काही पन्नाशीतले प्रापंचिक छातीवर क्रमांक लावून उभे आहेत. १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण एकत्र येतो. त्या सुमारास पाच किलोमीटरची दौड आयोजित करण्याचा विचार अनेक युवक मंडळांच्या मनात येतो. वसईसारख्या किनारी भागात अशा वेळी एक प्रश्न हमखास उभा राहतो : दौड घ्यावी की पुढे ढकलावी?

धावणे ख्रिस्तसभेला परके नाही. संत पौल करिंथ येथे दीड वर्ष राहिला. त्या नगराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत आणि विजेत्याला पाल्याचा मुकुट मिळे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौलाने हाच दृष्टांत घेतला आहे. कोमेजणाऱ्या मुकुटासाठी धावपटू एवढा संयम पाळतो, मग न कोमेजणाऱ्या मुकुटासाठी आपण किती पाळावा, असा त्याचा आशय आहे. अलीकडच्या काळात पोप दुसरे जॉन पॉल यांनी २९ ऑक्टोबर २००० रोजी रोमच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये खेळाडूंसमवेत ज्युबिलीची मिस्सा अर्पण केली. २०१९ साली व्हॅटिकनने स्वतःची अॅथलेटिक्स संघटनाही जाहीर केली. तिच्यात धर्मगुरू, धर्मभगिनी, स्विस गार्ड आणि कर्मचारी एकत्र धावतात.

मात्र पौलाच्या दृष्टांताचा गाभा वेग नसून संयम आहे. पावसात त्या संयमाची कसोटी लागते.

प्रथम आयोजकांविषयी. हवामान खाते जिल्हावार पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा देते. लाल इशारा असल्यास चर्चेला जागाच नाही, दौड पुढे ढकलावी. नारिंगी इशारा असतानाही मुलांना रस्त्यावर आणू नये. मेघगर्जना ऐकू आली म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. अशा वेळी सर्वांनी पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे तिथेच थांबावे. झाडाखालचा आडोसा घातक ठरतो. आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा पहाटे मार्ग पायी तपासावा. जिथे पाणी साचले आहे तिथे उघडे गटार दिसत नाही, म्हणून तो भाग मार्गातून वगळावा. 'थांबा' म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे आधीच ठरवावे.

आता धावणाऱ्यांविषयी. ओल्या रस्त्यावरील पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि शेवाळलेल्या कडा सर्वांत निसरड्या असतात. तिथे पावले लहान टाकावीत आणि वळणावर वेग कमी करावा. सुती बनियन पाणी धरून जड होते व अंगाला घासते, म्हणून हलके कृत्रिम धाग्याचे कपडे बरे. पावसाळी हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे अंग भिजलेले असले तरी पाणी पिणे आवश्यक असते. पायाला जखम असल्यास साचलेल्या पाण्यात उतरू नये, कारण उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. तसे घडलेच तर पाय साबणाने धुवावेत आणि ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना विचारावे. दौड संपताच कोरडे कपडे घालावेत. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवल्यास ते लवकर वाळतात.

आणखी एक गोष्ट. रविवारची दौड रविवारच्या मिस्सेच्या आड येऊ नये. शनिवार संध्याकाळच्या मिस्सेला उपस्थित राहण्याची मुभा ख्रिस्तसभेने दिलेली आहे, तिचा लाभ घ्यावा किंवा दौडीची वेळ बदलावी.

हे सर्व लिहिताना एक आठवण बोचते. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात अशाच पावसात झेंडा दाखविण्याचे काम माझ्याकडे होते. बॅनर लागले होते, टी-शर्ट वाटून झाले होते, पाहुणे येऊन बसले होते. पावसाचा जोर वाढत आहे हे दिसत असूनही थांबा म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. मोरीजवळच्या वळणावर एक मुलगा घसरला आणि त्याचे मनगट मोडले. हाड पुढे सांधले. त्याच्या आईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, पण दवाखान्याच्या बाकावर तिच्या शेजारी काढलेला तो तास मी विसरलेलो नाही. त्या सकाळी माझ्यात श्रद्धा होती, उत्साह होता. विवेक मात्र नव्हता.

चार प्रमुख सद्गुणांत विवेकाचे स्थान पहिले आहे. इतर सद्गुणांचे सारथ्य तो करतो, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. विवेक म्हणजे भित्रेपणा नव्हे. पाऊस रिमझिम असेल, रस्ता मोकळा असेल, तर अवश्य धावावे. भिजण्याचा आनंद ही देखील देवाचीच देणगी आहे. परंतु पहिल्या क्रमांकाचा चषक देऊन झाल्यावर मांडव आवरू नये. सर्वांत शेवटी येणारा धावपटू पोहोचेपर्यंत एक स्वयंसेवक त्याच्या सोबतीने सायकलवर असावा आणि समाप्तीरेषेवर टाळ्या वाजविणारे हात असावेत. हरवलेल्या मेंढराच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाचे आपण अनुयायी आहोत. आपल्या दौडीचा हिशेब सर्वजण सुखरूप घरी पोहोचले की नाही, यावरच व्हायला हवा.