पट्टा पडेपर्यंतचं दुखणं

दिवाळी सरली की जालना जिल्ह्यातल्या मंठा, अंबड, घनसावंगीच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, हे बाईला गाडीत बसतानाच ठाऊक असतं. ‘पट्टा पडला (हंगाम संपला) की दाखवू’ म्हणत ती सहा महिने दुखणं अंगावर काढते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक आजारी पडलं तरी मुकादम खाडा लावतो.

आजचं दुखणं असं उद्यावर ढकलताना ती एक हिशोबच मांडत असते. पण आजाराची किंमत तो कधी येतो यावर ठरावी का? जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालात आजारांचा भार मोजताना भविष्यातल्या निरोगी वर्षांना दरसाल ३ टक्के वटाव लावला होता. म्हणजे २५ वर्षांनी गमावलेलं वर्ष आजच्या हिशोबात जेमतेम ०.४८ भरतं. वयालाही वजन होतं : पंचविशीतलं वर्ष सर्वांत भारी, तान्ह्या बाळाचं आणि म्हातारपणाचं हलकं. (हे ठरवणारे कोणत्या वयाचे होते, कोण जाणे.) त्यावर बरेच वाद झाले आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या मोजणीतून वटाव आणि वयाचं वजन दोन्ही गेले.

शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर होतेच; शिवाय दर महिन्याच्या त्रासातून आणि खाड्यातून एकदाचं सुटायचं होतं. पिशवीसोबत बीजकोशही गेले, तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते. त्याची किंमत पुढे हाडं आणि हृदय मोजतात.

याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. दूरचं नुकसान सगळ्यांनाच धूसर दिसतं. शहरातला नोकरदारही साखरेची तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलतो. फरक असा की त्याच्या डोक्यावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल नसते. फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. ऊसतोड बाईच्या आरोग्याचा वटाव ३ टक्क्यांनी नव्हे, मुकादमाच्या वहीतून ठरतो.

बीडमध्ये आता जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यात पिशवी काढता येत नाही. हा चाप शस्त्रक्रियेला बसला, खाड्याला नाही. दुखण्याचा एक दिवस भरपगारी धरला, तर तीस वर्षांची बाई पन्नाशीचा विचार कसा करते, हे तपासून पाहता येईल.