बहारीनच्या उन्हाळ्यातला श्रावण

बहारीनमध्ये 15 जून ते 15 सप्टेंबर या तीन महिन्यांत दुपारी बारा ते चार या वेळात उघड्यावर काम करून घ्यायला सरकारी बंदी असते. ही बंदी 2007 पासून चालत आली आहे. आधी ती जुलै-ऑगस्टपुरती होती, 2025 पासून तिची मुदत वाढली. पारा चाळिशीला टेकतो हे तिचं एक कारण, पण चाळीस अंशांचं कौतुक विदर्भातल्या माणसाला सांगण्यात अर्थ नाही. इथला जाच निराळा आहे. चहूकडे तापलेला समुद्र, त्यामुळे हवेत इतका दमटपणा की अंगावरचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की शरीर निवत नाही. चंद्रपूरच्या कोरड्या उन्हात माठातलं पाणी गार होतं, ते ज्या कारणाने, ते कारणच इथे नसतं, म्हणून ऑगस्टमधल्या मनामात माणूस गार होत नाही. लहान मुलांचं अंग तर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. बागेतल्या घसरगुंडीला दुपारी हात लावणंही शक्य नसतं, आणि रात्रीही पारा तिशीखाली क्वचितच उतरतो. नेमक्या याच दिवसांत शाळा बंद असतात. तीन ते आठ वर्षांचं मूल, एअर कंडिशनर चालू असलेला फ्लॅट आणि पुढे दोन महिने.

इथल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये पडते. मराठी माणसाच्या मनातली उन्हाळ्याची सुट्टी मात्र मे महिन्यातली आहे: आंब्याची, गच्चीवरच्या झोपेची, मामाच्या गावची. बहारीनमधली मुलं जुलैत महाराष्ट्रात पोचतात तेव्हा आंबे संपलेले असतात आणि मामेभावंडांच्या शाळा सुरू होऊन महिना झालेला असतो. जी मुलं इथेच राहतात, त्यांचे आईबाबा सुट्टीकडे बघतात तेच मुळी उणिवांची यादी म्हणून. अंगण नाही, भावंडं नाहीत, झाड नाही, बाहेर जाता येत नाही. मग नियोजन म्हणजे खड्डे बुजवणं होतं: सकाळी एक क्लास, संध्याकाळी मॉल, उरलेल्या वेळात टॅब्लेट. मला वाटतं, इथे चूक मुलांची नाही आणि आईबाबांच्या मेहनतीचीही नाही. आपण पंचांगाचं चुकीचं पान उघडून बसलो आहोत. ही सुट्टी वैशाखाची नाहीच, ती आषाढ-श्रावणाची आहे, आणि आषाढ-श्रावण छपराखाली आनंदात कसे घालवायचे याचा मराठी घरांना शेकडो वर्षांचा अनुभव आहे.

कोकणात, मावळात, घाटमाथ्यावर पाऊस लागला की आठ-आठ दिवस अंगणात पाऊल टाकता येत नसे. ज्या ऋतूत माणसं घरात कोंडली जातात, त्याच ऋतूत आपल्याकडे सणांची इतकी दाटी आहे. आषाढी अमावस्येला घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे आणि कणकेचे गोड दिवे उकडायचे. मग नागपंचमी, राखी, नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमी, पोळा. शेतातली कामं त्या काळात चालू असतच, पण घरात अडकलेल्या बायकामुलांचे दिवस या सणांनी भरून टाकले. 2025 साली श्रावण 25 जुलैला लागला आणि 23 ऑगस्टला संपला, म्हणजे अख्खा महिना बहारीनच्या सुट्टीत आला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे तो 13 ऑगस्टला सुरू होतो. अशा वर्षी आषाढी एकादशीपासूनचे दिवस हाताशी असतात. पाऊस नसला म्हणून काय झालं? घराबाहेर पडता न येणं दोन्हीकडे सारखंच, आणि हा महिना रचला गेला तो त्याच अडचणीतून.

नागपंचमीचंच बघा. त्या दिवशी काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, अशी जुनी रीत आहे. घरोघरी त्या दिवशी पुरणाची दिंडं होतात, ती उकडून. आता पाच वर्षांच्या मुलाच्या बाजूने या स्वयंपाकघराकडे पाहा: सुरी नाही, उकळतं तेल नाही, तापलेला तवा नाही. वर्षातला इतका बिनधोक स्वयंपाक दुसरा नसेल. आदल्या रात्री डाळ भिजत घालताना मुलाने वाटीने मोजावी. सकाळी पुरण आईबाबांनी शिजवून, वाटून, गार करून द्यावं. मोठ्यांनी कणकेची पारी लाटून दिली की तिच्या मधोमध चमचाभर पुरण ठेवायचं, मग डावी बाजू आत, उजवी बाजू आत, खालची वर, वरची खाली, आणि चौकोनी पुडी उलटी करून ठेवायची, म्हणजे तोंड दबून बंद होतं. पहिल्या चार पुड्या फुटतात. पाचवीला मूल पुरण कमी घेतं, कारण का फुटलं हे त्याला हातानेच कळलेलं असतं. वाफवायचं काम मोठ्यांचं. पण झाकण काढल्यावर स्वतःचं वाकडं दिंड ओळखून काढायचं आणि त्यावर तूप घ्यायचं, यात एका मुलाची सकाळ अशी जाते की करमणुकीची निराळी सोय करावी लागत नाही.

यात शिकवण्याचा आव नाही. काम खरं आहे, त्याला तारीख आहे, ते संपतं आणि त्याचं फळ घरातले सगळे खातात. बाजारातल्या तयार खेळसंचात नेमक्या याच गोष्टी नसतात. तो डबा उघडतो, वीस मिनिटांत संपतो आणि त्याची कुणाला गरज नव्हती हे मुलालाही कळतं. ताराबाई मोडकांनी हे फार आधी ओळखलं होतं. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला माँटेसरी पद्धतीचं काम केल्यावर त्यांनी 1945 मध्ये डहाणूजवळ बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं. युरोपात घडलेली महागडी माँटेसरी साधनं गावात परवडणार नव्हती. म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, मातीची भांडी अशा भोवतालच्याच वस्तू साधनं म्हणून वापरल्या. पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला तेच काम वाढलं. सुट्टीसाठी काय विकत आणू, या प्रश्नाला त्यांच्या कामातून मिळणारं उत्तर सोपं आहे: घरात काय आहे ते आधी बघा. मिठाची घट्ट कणीक, निवडायचे वाटाणे, सोलायच्या शेंगा, ठसे उमटवायला भेंडीचे देठ, जुन्या साडीचा तंबू. मूल तीन वर्षांहून लहान असेल तर बिया आणि चिंचोके मात्र त्याच्या हाती देऊ नयेत, ते सरळ तोंडात जातात.

हात गुंतले तरी पायांचं काय, हा रास्त प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशींनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून निदान तीन तास हालचाल करायला हवी आणि त्यातला एक तास तरी दमवणाऱ्या खेळाचा हवा. बसून स्क्रीन पाहणं दिवसाला एक तासाहून जास्त नको. बंद फ्लॅटमध्ये हे तीन तास कुठून काढायचे? इथेही श्रावणच मदतीला येतो. मंगळागौरीचे खेळ माजघरात, रात्री, सारवलेल्या जमिनीवर खेळायचे खेळ आहेत. झिम्मा, पिंगा, फुगडी, कोंबडा, गाठोडं यांतल्या कशालाच मैदान लागत नाही. दोन माणसं आणि सतरंजीएवढी जागा पुरते. बसफुगडी करून पाहा. उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकत राहायचं, दोन मिनिटांत मांड्या बोलायला लागतात. हे खेळ बायकांचे मानले गेले याची मला नेहमीच खंत वाटते, कारण सहा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या बाबांनाही ते तितकेच दमवतात. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा विचार हवाच. त्यासाठी अनवाणी खेळावं, जाड सतरंजी घालावी आणि उड्यांचे खेळ संध्याकाळच्या वेळेत उरकावेत. बसून खेळायला सागरगोटे आहेत आणि चल्लस-आठ आहे. खडूने घरं आखायची, चिंचोके मधोमध फोडून दान टाकायचं, इतकाच त्याचा सरंजाम. मोजणं, वाट पाहणं आणि हरणं, तिन्ही त्यात होतं.

श्रावण म्हटल्यावर आपण इथे परक्या भूमीवर जुनं गाव उभं करतो आहोत, असा आक्षेप कुणी घेईल. मला उलट वाटतं. या बेटाचा स्वतःचा उन्हाळाही मुलांना दाखवण्यासारखा आहे, आणि तो आपल्या ओळखीचा निघतो. तेल सापडण्याआधी, म्हणजे 1932 च्या आधी, बहारीन मोत्यांवर जगत असे. मोती काढायचा मोठा हंगाम उन्हाळ्यातच यायचा. सुमारे चार महिने पुरुष होड्यांवर आणि बायकामुलं मुहर्रक शहरातल्या घरांत त्यांची वाट बघत. आखातातल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती; आपल्याकडे नथीत चढणारे बसरा मोती ते हेच. म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असायच्या, तेव्हा इकडच्या होड्या भर समुद्रात. या दोन किनाऱ्यांची गोष्ट सांगून नारळाच्या करवंटीची एक होडी आणि कागदाची एक होडी टबात सोडता येते. मुहर्रकमधल्या मोतीमार्गाला 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मुहर्रकमधल्याच, जुने राज्यकर्ते शेख ईसा बिन अली यांच्या घराचा वारा पकडणारा मनोरा मुलांना दाखवावा, म्हणजे वीज नव्हती तेव्हा घर गार कसं ठेवत हे त्यांना दिसेल. ऊन सोसणार नसेल तर राष्ट्रीय संग्रहालयाच्या थंड दालनात दिलमुन या इथल्या प्राचीन संस्कृतीच्या काळातल्या छोट्या गोल मुद्रा पाहता येतात, आणि घरी येऊन कणकेच्या गोळ्यावर तशी मुद्रा कोरता येते. त्या काळी सिंधू संस्कृतीच्या मापाची दगडी वजनं इथे वापरात होती, हेही सहा-सात वर्षांच्या मुलाला कळतं.

बहारीनी मुलांची एक रीत तर आपल्या घटस्थापनेची बहीणच शोभेल. हिय्या-बिय्या तिचं नाव. खजुरीच्या झावळ्यांच्या छोट्या टोपलीत जव किंवा गहू पेरायचे, टोपली घरात टांगून रोज पाणी घालायचं आणि बकरी ईदच्या आदल्या दिवशी गाणं म्हणत ती समुद्रात सोडायची. ही ईद दरवर्षी मागे सरकते, त्यामुळे ती सुट्टीत येईलच असं नाही. पण पेरण्याला कुणाची आडकाठी आहे? खिडकीत, एका वाडग्यात गहू आणि मेथी. तिसऱ्या दिवशी माती फुगते, चौथ्या दिवशी मेथीची पांढरी मान वाकून वर येते आणि बीचं टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊन उभी राहते. मुलाने रोज पट्टी लावून उंची लिहावी. पोळ्याचे बैल करायला माती हवी असेल, तर आली नावाच्या गावात अजून कुंभारांची चाकं फिरतात. शाडू मिळाली नाही म्हणून अडून राहायला नको.

आता वेळेचा मुद्दा. आईबाबा दोघं नोकरीवर आणि मूल दिवसभर मदतनीस बाईंकडे, ही इथल्या अनेक घरांची स्थिती आहे. अशा घराला रोज नवा उपक्रम करा म्हणून सांगणं क्रूर आहे, आणि मी ते सांगत नाही. उलट रोज नवं काही नकोच. आठवड्याला एक सण किंवा एक काम पुरे. बाकीचे दिवस त्याच्या तयारीचे आणि त्याच्या उरलेल्या पसाऱ्याचे असतात. शुक्रवारी मोठं काम, बाकी दिवशी ऑफिसला जाण्यापूर्वीची पंधरा मिनिटं. मदतनीस बाईंना एकच गोष्ट नीट सांगावी लागते: मुलाच्या वाट्याचं काम त्याच्यासाठी राहू द्या, वाटाणे सोलायला त्याला तास लागला तरी तुम्ही उरकून टाकू नका. मधल्या वेळात मूल कंटाळेल, कुरकुरेल. त्या कंटाळ्याला घाबरून लगेच टॅब्लेट हाती देऊ नये. अर्ध्या तासाच्या कुरकुरीनंतर साडीच्या तंबूत चिंचोक्यांचं दुकान लागतं, आणि ते दुकान कुठल्याच नियोजनात लिहिता येत नाही.

हे सगळं हिंदू घरांपुरतंच का, असंही कुणी विचारेल. माझा आग्रह पूजेचा नाही, तारखा असलेल्या महिन्याचा आहे. मराठी बौद्ध घरांत आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो आणि रोज थोडं ग्रंथवाचन होतं. तोही पावसाळ्यात एका जागी थांबण्याच्या गरजेतूनच आलेला आहे. प्रत्येक घराकडे असं एखादं पान असतं. आरोग्य संघटनेच्या ज्या शिफारशींत स्क्रीनची मर्यादा घातली आहे, त्याच शिफारशी सांगतात की मूल बसलेलं असेल तेव्हा मोठ्यांनी त्याच्याबरोबर वाचावं, गोष्टी सांगाव्यात. श्रावणात प्रत्येक वाराची एक कहाणी असते. तिच्यातली आटपाट नगरं मराठी कानावर पडण्याचा एक पक्का वेळ ठरवून देतात, आणि जिथे शाळेत इंग्रजी आणि खाली अरबी-मल्याळम ऐकू येते, तिथे त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

श्रावणातला शुक्रवार जिवतीचा असतो, आणि बहारीनमध्ये शुक्रवार हा सुट्टीचा वार आहे. जिवतीचा छापील कागद इथे हाताशी नसेल तर मुलाने तो काढावा: वर नरसिंह आणि कालिया नागावरचा कृष्ण, मध्ये मुलांना खेळवणाऱ्या जिवत्या, खाली हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती. हत्ती कसाही आला तरी चालतो. त्या संध्याकाळी मुलांना ओवाळतात, चणे-गूळ देतात. आणि मुलं परगावी असतील तर चारी दिशांना अक्षता टाकायची पद्धत आहे. सांगलीत किंवा चिपळूणला आजीने अक्षता हाती घेतल्या तेव्हा साडेसहा वाजले असतील, तर इथे रिफा शहरात चार वाजलेले असतात. पडद्यावर आजी दिसते आहे, आणि मूल आपला हत्ती तिला दिसावा म्हणून कागद कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरतं आहे.