क्रियापद कुठे बसते?

इंग्रजीच्या तासाला आपण म्हणतो, "इंग्रजी उलटी भाषा आहे." मग जपानी कशी असेल? मी दोन्ही भाषांतली वाक्ये पाटीवर एकाखाली एक मांडून बघितली.

'मी सफरचंद खातो' हे इंग्रजीत 'आय ईट ॲन ॲपल'. क्रियापद मधे. जपानीत 'वाताशी वा रिंगो ओ ताबेमासु'. वाताशी म्हणजे मी, रिंगो म्हणजे सफरचंद, ताबेमासु म्हणजे खातो. क्रियापद अगदी शेवटी, आपल्यासारखेच!

मधले 'वा' आणि 'ओ' काय करतात? 'वा' सांगतो, बोलणे कोणाविषयी आहे. 'ओ' सांगतो, क्रिया कोणावर घडली. इंग्रजीत हे काम शब्दाची जागा करते. 'द डॉग बिट द मॅन' म्हणजे कुत्रा माणसाला चावला. यातल्या डॉग आणि मॅनची अदलाबदल केली, तर माणूसच कुत्र्याला चावेल! जपानीत 'इनु गा हितो ओ कामिमाशिता' म्हणा, नाहीतर 'हितो ओ इनु गा कामिमाशिता' म्हणा, चावतो कुत्राच. 'ओ' हितोला, म्हणजे माणसाला, चिकटलेला आहे ना! आपला 'ला' प्रत्ययही असाच.

इंग्रजीत 'आय ईट' पण 'ही ईट्स'. जपानीत मी, तू, तो, ती सगळ्यांना ताबेमासुच. 'ॲ', 'ॲन', 'द' तिथे नाहीत. सफरचंद १ असो की १०, शब्द रिंगोच.

नकार इंग्रजीत क्रियापदाच्या आधी येतो, 'आय डू नॉट ईट'. जपानीत ताबेमासुचे ताबेमासेन होते, म्हणजे खात नाही. म्हणून जपानी माणसाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकावे लागते. प्रश्न विचारायला इंग्रजीत आधी 'डू' आणावा लागतो. जपानीत शेवटी नुसते 'का' लावायचे, 'ताबेमासु का?' मराठीतही आपण 'खाता का?' असेच विचारतो. तरी या दोन भाषा नात्यातल्या नाहीत हं! उलट मराठी आणि इंग्रजी यांचे दूरचे नाते आहे.

तेव्हा कोणतीच भाषा उलटी नाही. प्रत्येकीची रांग वेगळी. इंग्रजी बोलताना कोणी क्रियापद शेवटी ठेवले, तर हसू नका. शब्द इंग्रजी आणि रांग मराठी, एवढेच झाले. हसले की तो पुन्हा तोंड उघडत नाही. पालकांनीही घरी एवढेच विचारावे, "बाळ, यातले क्रियापद कोणते? ते कुठे बसवायचे?"

– इयत्ता सातवी