प्रवाळसमुदायाच्या स्वास्थ्याचे मापन : मालवण येथील प्रश्न

कर्जत तालुक्यातील रेहेकुरीसारख्या गवताळ माळावर चौकट टाकून सजीव आच्छादनाची टक्केवारी काढण्याची पद्धती अभ्यासकांस परिचित आहे. अहिल्यानगर जिल्ह्यास समुद्र नाही. तथापि मालवणच्या समुद्रतळावरील प्रवाळांस लावली जाणारी पद्धती याहून फारशी निराळी नाही. वीस मीटर लांबीची फीत तळावर पसरावी आणि तिच्याखाली येणाऱ्या जिवंत प्रवाळाची लांबी मोजावी. ती 3 मीटर 40 सेंटीमीटर भरल्यास आच्छादन 17 टक्के झाले. भेद आहे तो या आकड्याच्या अर्थात.

गवत एका पावसाळ्यात पुन्हा उगवते. पोरायटिस या प्रजातीचा घुमटाकार प्रवाळ मात्र वर्षाला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. अर्धा मीटर उंचीची वसाहत म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांचे संचित होय. यास्तव एकाच पाहणीतील आच्छादन हे आजच्या स्वास्थ्याचे नव्हे, तर गेल्या काही दशकांचे निदर्शक ठरते. ज्या गावी केवळ वृद्धच उरले, तेथील शिरगणतीही काही काळ समाधानकारकच दिसते! म्हणून पाच सेंटीमीटरहून लहान अशा नव्या वसाहती किती, मोठ्या वसाहतींचा किती भाग मृत आहे आणि त्या मृत पृष्ठावर कोण वसले आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. तेथे कठीण, गुलाबी चुनखडी शैवल असेल तर प्रवाळाच्या डिंभांस आधार मिळतो. गाळ धरून ठेवणारे तंतुमय शैवल असेल तर तो बहुधा मिळत नाही.

मालवणचा प्रश्न आणखी नाजूक आहे. येथील जिवंत प्रवाळांची नोंद कासिम व वफर यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केली. 1987 मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. येथील पाणी गढूळ, आणि पोरायटिस, टर्बिनारिया, फेव्हायटिस यांसारखे गाळ सोसणारे प्रवाळच येथे टिकतात. लक्षद्वीपच्या नितळ पाण्यातील शाखायुक्त अ‍ॅक्रोपोराचे माप येथे लावल्यास निसर्गतःच विरळ असलेला समुदाय रुग्ण ठरेल. उलट, ‘येथे मुळातच थोडे’ या सबबीखाली खरा ऱ्हासही झाकला जाईल. मालवणची तुलना मालवणच्याच पूर्वस्थितीशी करणे, हाच योग्य मार्ग होय.

कारणांचा निवाडाही करावा लागतो. हौशी पाणबुड्यांमुळे येथील प्रवाळांस इजा होत असल्याचे संशोधन 2020 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. ही इजा बुडी मारण्याच्या जागांभोवतीच केंद्रित असते. उष्णतेचा परिणाम मात्र दूरवर पसरतो. सबब दोन्ही प्रकारच्या जागी कायम चौकटी हव्यात.

पाणी तापले असता प्रवाळ आपल्या ऊतींतील सहजीवी शैवले गमावतो व पांढरा पडतो. हे विरंजन, हा मृत्यू नव्हे. पांढरी वसाहत सावरेल की मरेल, हे पुढील काही आठवड्यांत वा महिन्यांत ठरते. कोकणात पाण्याचा उच्चांक एप्रिल-मे महिन्यांत येतो आणि लगोलग पावसाळा सुरू होऊन पाण्यात उतरणे अशक्य होते. निर्णायक काळ अशा रीतीने दृष्टीआड जातो. ऑक्टोबरात पाहावे तो मृत वसाहतींवर शैवल व गाळ चढलेला असतो. त्या याच वर्षी मेल्या की पूर्वीच, हे सांगता येत नाही. त्यासाठी मे महिन्यात वसाहतींस क्रमांक देऊन त्यांची छायाचित्रे घेतलेली असली पाहिजेत.