स्वस्त गाडी कुठे गेली, आणि तिचं गिऱ्हाईक कुठे गेलं?



छोट्या गाड्यांवरच्या व्हिडिओत आकडे भराभर सांगितले गेले, म्हणून ते इथे निवांत बघू. विषय गाड्यांचा आहे, पण "परवडणाऱ्या दरात" काहीही विकायचा विचार ज्याच्या डोक्यात आहे, त्याने तो वाचायलाच हवा.

आधी दोन आकडे. 2015-16 मध्ये आपल्या देशात पाच लाखांच्या आतल्या नऊ लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. 2024-25 मध्ये तोच आकडा 25 हजारांच्या आसपास आला. म्हणजे धंदा कमी झाला असं नाही, जवळजवळ संपला.

कोणालाही विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "अहो, लोकांना आता एसयूव्ही पाहिजे." हे खोटं नाही. पण अर्धंच खरं आहे. दुचाकीवर बायको आणि दोन पोरं घेऊन जाणाऱ्या माणसाने कधी बसून ठरवलं का, की मला छोटी गाडी नको, मोठीच पाहिजे? त्याच्या हातातून ती गाडी निसटली. कशी, ते बघू.

14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची चावी दिली गेली. 796 सीसीचं इंजिन, किंमत 47,500 रुपयांच्या घरात. ही गाडी 2014 च्या जानेवारीपर्यंत बनत होती. तिची जागा घेतलेली अल्टो 2000 साली आली, आणि तिचं 800 सीसीचं मॉडेल 2023 मध्ये बंद झालं. मधल्या काळात ह्युंदाईची इऑन गेली, सँट्रो गेली, डॅटसन हा ब्रँडच देशातून गेला. नॅनो तर गेलीच, तिच्याबद्दल पुढे बोलू.

बोजा सगळ्यांवर सारखाच, पण कंबर मोडते ती बारक्याची

गेल्या काही वर्षांत गाडीवर काय काय चढलं ते बघा. 2019 मध्ये अपघात-चाचणीचे नियम सगळ्या गाड्यांना लागू झाले, एबीएस सक्तीचं झालं, ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. मग शेजारच्या सीटचीही झाली. एप्रिल 2020 पासून बीएस-6, आणि 2023 मध्ये त्याचा दुसरा टप्पा. त्याआधी, सप्टेंबर 2018 पासून, नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागू लागला.

यातलं काहीही चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. 2014 च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या काही छोट्या गाड्या आपटून बघितल्या, तेव्हा अल्टो आणि नॅनो दोघींना शून्य तारे मिळाले होते. त्या स्वस्ताईची थोडी किंमत आत बसणाऱ्याच्या जिवावर होती, हे मान्य करायला हवं.

पण आता हिशेब मांडा. समजा, या सगळ्या गोष्टींचा मिळून एका गाडीवर 25 हजार खर्च वाढला. (आकडा समजण्यापुरता घेतलाय.) बारा लाखांच्या गाडीवर ते झाले दोन टक्के. गिऱ्हाईक म्हणतं, ठीक आहे, सीट कव्हर नको. तीन लाखांच्या गाडीवर तेच 25 हजार म्हणजे आठ टक्क्यांच्या वर. इथे गिऱ्हाईक दारातून परत जातं, कारण त्याने पै-पै जमवून डाउन पेमेंट उभं केलेलं असतं. एअरबॅग छोटी गाडी बघून स्वस्तात मिळत नाही.

तुमच्या धंद्यात हे रोज होतं, फक्त लक्षात येत नाही. 20 रुपयांचं चिवड्याचं पाकीट घ्या. पाऊच, लेबल, सील आणि दुकानापर्यंतची ने-आण यांचा खर्च तीन रुपये धरा. अर्ध्या किलोच्या 200 रुपयांच्या पाकिटाला हाच खर्च फार तर सात-आठ रुपये होतो. उद्या पाऊच एक रुपयाने महागला, तर मार कोणाला बसेल? आणि आपण काय करतो? "छोट्या पाकिटाचा खप जास्त आहे" म्हणून तेच ढकलत बसतो. वर्षअखेरीला गल्ला भरलेला आणि हातात काही नाही. गाडीवाल्या कंपन्यांनी हे वेळीच ओळखलं आणि वरच्या किमतीकडे सरकल्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

एकाच टीमची दोन वाहनं

नॅनो पुण्याच्या माणसांनी घडवलेली गाडी. 10 जानेवारी 2008 ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती दाखवली, मार्च 2009 मध्ये मुंबईत बाजारात आणली. "एक लाखाची गाडी" म्हणून जगभर गाजली. सिंगूरमधून कारखाना साणंदला हलवावा लागला, वर्षाला अडीच लाख गाड्या बनवायची तयारी ठेवली. आणि जून 2018 मध्ये महिन्याभरात बनली फक्त एक गाडी.

सिंगूरमुळे उशीर झाला, सुरुवातीला काही गाड्यांना आग लागली, हे सगळं खरं. पण रतन टाटांनी नंतर स्वतःच सांगितलं की "सगळ्यात स्वस्त गाडी" अशी ओळख दिली गेली तिथे चुकलं. लोक आयुष्यातली पहिली गाडी घेतात ती सोसायटीत उभी करण्यासाठी, सासुरवाडीला नेण्यासाठी. "सगळ्यात स्वस्त" हा शिक्का कपाळावर मारून कोण जाईल?

आता गंमत बघा. ज्या गिरीश वाघ यांनी नॅनोच्या टीमचं नेतृत्व केलं, त्यांनीच आधी टाटा एस बनवली होती. 2005 ची. आपला छोटा हात्ती! तोही छोटा, तोही स्वस्त. तो मात्र गल्लीबोळात पसरला. कारण तो घेणारा "स्वस्त आहे" म्हणून घेत नव्हता. दिवसाला किती फेऱ्या होतील, डिझेल जाऊन हातात किती उरेल, हप्ता निघेल का, हे बघून घेत होता.

तुमच्या पाटीवर काय लिहिलंय ते एकदा बघून या. "सर्वात स्वस्त" असं असेल तर...

मग तो दुचाकीवाला गेला कुठे?

काही जण दुचाकीवरच राहिले. बरेचसे जुन्या गाड्यांकडे वळले. आपल्या देशात आता नव्यापेक्षा जुन्या गाड्यांचा व्यवहार जास्त होतो. पहिल्यांदा गाडी घेणारा माणूस आज शोरूममध्ये कमी आणि जुन्या गाड्यांच्या यार्डात जास्त दिसतो. म्हणजे बाजार आटला नाही, त्याने पत्ता बदलला.

त्या पत्त्यावर काम आहे. सात-आठ वर्षांच्या वॅगनआरला क्लच लागतो, सस्पेन्शन लागतं, एसीचा गॅस लागतो. घेण्याआधी गाडी तपासून देणारा भरवशाचा माणूस लागतो. तालुक्याच्या ठिकाणी असा माणूस सहसा सापडत नाही. आरसी नावावर करणं, पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण, ही कागदपत्रं लोकांना डोकेदुखी वाटतात. आयटीआय मेकॅनिक झालेल्या पोरांनी याचा विचार करा. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायची असेल, तर जानेवारी 2025 पासून नोंदणीकृत विक्रेत्याला मार्जिनवर 18 टक्के जीएसटी आहे, तो धरूनच भाव बोला.

आता ताजी घडामोड. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर 29 वरून 18 टक्क्यांवर आला. एस-प्रेसो साडेतीन लाखांच्या खाली, अल्टो के10 पावणेचार लाखांच्या आत आली (एक्स-शोरूम). पण कायद्याच्या भाषेत "छोटी" म्हणजे चार मीटरच्या आत आणि 1200 सीसीपर्यंत. त्यात पंचसारखी एसयूव्हीच्या रूपातली गाडीही बसते, आणि 2024 मध्ये देशात सगळ्यात जास्त विकली गेलेली गाडी पंचच होती. सूट दोघींना सारखीच मिळाली. त्यामुळे जुनी अल्टो-संस्कृती परत येईल असं मला तरी वाटत नाही.

तुम्हाला धंद्यासाठी गाडी घ्यायची असेल तर दिसण्यावर जाऊ नका, वही काढा. महिन्याला 1,500 किलोमीटर फिरणार असाल, तर 25 चं मायलेज देणारी गाडी 60 लिटर पिते, 20 देणारी 75. पंधरा लिटरचा फरक दर महिन्याला. हप्त्यातला फरक त्याच्या शेजारी लिहा. आणि मालच न्यायचा असेल तर कारऐवजी मालवाहू म्हणून नोंद होणारी गाडी बघा. स्वतःच्या वापराच्या कारवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, मालवाहू गाडीवर मिळू शकतं. पण तुमची जीएसटी नोंदणी कंपोझिशनमध्ये असेल तर तेही नाही. म्हणून बुकिंगची रक्कम भरण्याआधी तुमच्या सीएंना एक फोन करा.